डब्यातला गुळाचा खडा

या, बसा. असं दूर भिंतीला टेकून नका बसू. जवळ सरका, सतरंजी मोठी आहे. आज एक हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगतो. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात, मग आख्यानाला हात घालतात. मला आता तेवढा दम नाही, मी सरळ आख्यानालाच लागतो. पण आधी एवढं सांगून ठेवतो, की या गोष्टीत चोर नाही तरी काहीतरी चोरलेलं आहे, आणि कोणी मेलं नाही तरी एका जिवंत माणसाचं मरण सांगितलेलं आहे. नीट ऐकलंत तर गाठ माझ्या आधी तुम्हीच सोडवाल.

१

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या तालुक्याच्या गावी नुकतंच कॉलेज निघालं होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून तिथं नांदतात. जुन्या धर्मशाळेत वसतिगृह होतं. मी मराठी शिकवायला नवा लागलो होतो. भगवंतराव सर तर्कशास्त्र शिकवायचे आणि वसतिगृहाचे रेक्टरही तेच. पोरांची पोटदुखी, घरची आठवण, भांडणं, रडणं, सगळं त्यांच्या दाराशी येऊन पडायचं. खुर्चीत बसताना ते "विठ्ठला" म्हणत आणि उठतानाही "विठ्ठला" म्हणत. बसण्याचा विठ्ठल जरा लांबलेला असे.

वसतिगृहात खानावळ नव्हती. गावोगावच्या आया सकाळच्या यष्टीत डबा ठेवायच्या, कंडक्टर तो स्टँडवर उतरवायचा, आमचा शिपाई कडूबा टोपलीत घालून आणायचा. आदल्या दिवशीचा रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. म्हणून प्रत्येक घराचे डबे दोन असत. एक येता, एक जाता.

त्या दिवशी कडूबाच्या टोपलीमागोमाग एक बाई आली. विटकरी लुगडं, कपाळ मोकळं, आणि फडक्यात बांधलेला पितळी डबा पोटाशी धरलेला.

"मास्तर, मी इंद्रभानची माय. सत्यभामाबाई. जानेफळची."

"बसा बाई," सर म्हणाले. "आज कसं येणं केलं?"

"काई नाही जी, पोराचं तोंड पाह्याले आली. डबा आज हातानंच आणला." ती ओट्यावर टेकली आणि आपणहून सांगू लागली. "लय मायेचा झाला पोट्टा. पह्यले डबा परत ये त निस्ता पाण्यानं खंगाळलेला. दिवाळी झाल्यापासून पाहा, राखेनं घासलेला, लख्ख. अन् आत रोज गुळाचा खडा! मले गोड आवडते, हे त्याले ठाऊक हाये ना. त्याचा बाप गेल्यापासून आमच्या घरात गोड आणाचं कोनाले सुचते?"

तिनं पदराची गाठ सोडून सुपारीएवढा खडा दाखवला. "हा मांगच्या डब्यातला. खाल्ला नाही, ठेवला. म्हनलं आता त्याले पाहूनच खाईन. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते."

मला भरून आलं. सरांनीही मान डोलावली आणि कडूबाला इंद्रभानला बोलवायला पाठवलं.

कडूबा गेला आणि बऱ्याच वेळानं आला. बाईला ऐकू जाऊ नये म्हणून सरांच्या कानाशी वाकला.

"सर, खोलीत नाही. वर्गात नाही. अन् मी याले-त्याले इचारलं, त दिवाळीपासून कोनालेच तो दिसला नाही."

२

सरांनी बाईला पाणी दिलं, "येईल, बसा" म्हणाले, आणि मला घेऊन आत आले. आत येताच भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"ही पोरं मला एक दिवस संपवणार," ते म्हणाले. "चला."

पहिले भेटले इंग्रजीचे महादेवराव, नागपूरकडचे, कडक इस्त्रीचे.

"इंद्रभान? तो तर रोज हजर असतो. नाव पुकारलं की 'येस सर' येतं."

"तोंड पाहिलंत?"

"ऐंशी पोरं आहेत हो वर्गात." महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "दिवाळीआधी एकदा उभा केला होता. धडा वाच म्हटलं. येईना. वर्ग हसला." मग म्हणाले, "मीही हसलो असेन."

कडूबाचं म्हणणं वेगळंच. "मी डबा रोज ओट्यावर ठेवतो. वर्ग भरले की डबा गायब. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटले की रिकामा डबा पुन्हा तिथंच. मले वाटे पोरगं वक्तशीर हाये."

इंद्रभानच्या खोलीत गेलो. अंथरूण झाडून घातलेलं, उशीवर सुरकुती नाही. म्हणजे बघा, मुलगा वर्गात हजर होता, जेवत होता, त्याचं अंथरूण रोज झटकलं जात होतं. फक्त तो कोणाला दिसत नव्हता!

खोलीतला दुसरा मुलगा मोताळ्याचा उकंडराव. अंगानं दोघांएवढा. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्याच्या नावाचं 'येस सर' कोण म्हणतं?"

उकंडराव पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला.

"अंथरूण कोण झाडतं? आणि त्याचा डबा कोण खातं?"

यावर मात्र तो उसळला. "देवाशपथ सर, डबा नाही! मी खातो, पन मांगून खातो. चोरून नाही. साऱ्या वसतिगृहाले इचारा, मी कोना-कोनाले मांगलं ते!"

"मग कोण?"

उकंडरावनं मान फिरवली. बाहीनं डोळे पुसले.

सरांनी खाटेखालची ट्रंक ओढली. कुलूप नव्हतं. वर पांढरा शर्ट नीट घडी केलेला, त्याखाली कॉलेजची पुस्तकं, आणि तळाला जुन्या फडक्यात गुंडाळलेल्या कोऱ्या चपला.

कडूबाचा चेहरा उतरला. "चपला ठेवून गेला, सर," तो पुटपुटला. "अन् मांगं इहीर हाये."

३

सर त्या ट्रंकेशेजारी खालीच बसले. "विठ्ठला," म्हणाले, आणि चपला हातात घेऊन उलट्या-सुलट्या पाहिल्या.

"कडूबा, विहिरीकडे जाऊ नकोस. बाई पाहतील. आणि तिथं काही नाही." मग माझ्याकडे वळले. "विचार करा. जीव द्यायला निघालेला पोरगा चपला फडक्यात गुंडाळेल का? याचे जुने कपडे कुठे आहेत? गावाकडून घालून आला होता ती खाकी चड्डी, तो बंडीसारखा सदरा? नाहीत. कॉलेजसाठी जे-जे आईनं घेऊन दिलं ते त्यानं जपून ठेवलं, आणि जुन्यात निघून गेला. हा मरायला गेलेला नाही. हा कामाला गेलाय."

ते ऐकल्यावर उकंडरावचा बांध फुटला. "सर, त्यानं मले गळ्याची आन घातली होती. मी डबा नेऊन मांगच्या भिंतीवर ठेवतो, इतकंच. वर्ग चालू असतांनी तो येते अन् नेते. कालचा रिकामा ठेवून जाते, तो मी ओट्यावर आणतो. कोठी राह्यते ते मले नाही सांगतलं. म्हने, माह्या मायेले कळलं त मी पुन्हा कोनाले तोंड दाखवनार नाही."

"आज डबा ठेवलास भिंतीवर?"

"कसा ठेवू? त्याची मायच घेऊन बसली हाये!"

सर ताडकन उठले. उठताना विठ्ठल म्हणायचंही राहिलं. आम्ही मागच्या दाराकडे धावलो. कमरेएवढी दगडी भिंत, पलीकडे बाभळी. भिंतीवर एक पितळी डबा ठेवलेला होता. आदल्या दिवशीचा, रिकामा, राखेनं घासून लख्ख.

सरांनी भिंतीजवळ वाकून आत पाहिलं. मीही पाहिलं. मधल्या बोळातून आरपार पुढचा ओटा दिसत होता, आणि ओट्यावर पाठमोरं विटकरी लुगडं.

"तो आत्ताच इथं होता," सर म्हणाले. "आईला बघून गेला."

४

डब्याचं फडकं सोडलं, झाकण काढलं. आत गुळाचा खडा. सरांनी तो खिशात टाकला आणि फडक्याची गाठ उजेडात धरली. गाठीत पांढरे तंतू अडकले होते.

"कापूस," मी म्हणालो. "पण कापूस सध्या सगळीकडेच आहे. शेतात, गाड्यात, बाजारात."

"त्यात सरकी असते. हा सरकी निघालेला आहे, भुरभुरता. असा जिनाखेरीज कुठं उडत नाही."

गावात सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, एकच होता, स्टँडच्या पलीकडे. चालत निघालो. ऊन कलायला लागलं होतं. सर वाटेत दोनदा थांबले, दम लागला म्हणून. बाईंची गाडी गाठायची होती, आणि त्याहून मोठी धास्ती ही, की पोरानं गाव सोडलं तर जालन्याकडे गेला की खामगावकडे, कोण शोधणार?

जिनाच्या दारात मुकादम उभा होता, डोक्या-मिशांवर कापूस बसून म्हातारा झालेला.

"इंद्रभान? नाही बाप्पा. असा कोनी नाही."

"जानेफळचा कोणी?"

"जानेफळचं कोनीच नाही आमच्याकडं. पोट्टे तं लय हायेत. कोन्या पोट्ट्याले म्हनून हाक मारू?"

झालं! सर जिनासमोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसले, लांबलचक विठ्ठल म्हणून. मीही बसलो. समोर मजुरांच्या खोल्यांची एक रांग होती. घरोघरी चुली पेटत होत्या. सरांनी दमलेल्या माणसासारखं खिशात हात घातला, काहीतरी तोंडात टाकलं आणि चघळू लागले.

"सर!" मी म्हणालो. "पुरावा खाल्लात तुम्ही!"

त्यांनी गाल फुगवून माझ्याकडे पाहिलं. "विठ्ठला. खरंच की." आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "आता गिळूच द्या."

तेवढ्यात समोरच्या रांगेतली एक बाई शेजारच्या दारात गेली. हातात वाटी.

"घे वं, तुह्या तेलाची वाटी."

"अन् ह्या शेंगा कायच्या?"

"राहू दे. लोकायचं भांडं रिकामं कसं देऊ?"

सरांचं चघळणं थांबलं. ते त्या वाटीकडे बघत राहिले.

"तुमची आई कोणाचं भांडं परत करताना त्यात काही घालते ना?" त्यांनी मला विचारलं.

"घालते की. साखर, नाहीतर चार दाणे. सगळ्याच बायका घालतात. परक्याचं भांडं रिकामं देत नाहीत."

"परक्याचं," सर म्हणाले. "आपल्याच घरी, आपल्याच आईला डबा पाठवताना पोरगा त्यात गूळ घालेल का?"

पदराच्या गाठीतला तो खडा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"तो गूळ इंद्रभाननं घातलेला नाही," सर सावकाश म्हणाले. "डबा घासते ती बाई घालते. ती समजते, डबा कोणा परक्या भल्या घरून येतोय. हा डबा त्याच्या आईचा आहे हे तिला माहीत असतं तर गुळाचा प्रश्नच नव्हता. मग त्यानं तिला काय सांगितलं असेल?"

"आपल्याला आई नाही, असं," मी म्हणालो.

सर उठून मुकादमाकडे गेले. "बाबा, नाव सोडा. मायबाप नसलेला एखादा पोरगा इथं कोणी घरात ठेवून घेतलाय का? दिवाळीच्या सुमारास आलेला?"

"हाव!" मुकादम लगेच म्हणाला. "तसं सांगा ना! जनकाबाईनं ठेवला हाये. ते शेवटचं दार. बिचाऱ्याले कोनीच नाही. पन मघाशीच मी त्याले घरात पळत जातांनी पाह्यलं."

५

इंद्रभान बोचकं बांधत होता. हडकुळा, अनवाणी, केसांत कापूस. आम्हाला दारात बघून बोचकं छातीशी धरून भिंतीला टेकला. चुलीपुढं एक वयस्क बाई, हातात फुंकणी.

"कोन तुमी? काऊन आले? माह्या पोराले हात लावाल तं पाहा!"

"कोणी हात लावत नाही, जनकाबाई," सर म्हणाले, आणि उंबऱ्यावरच बसले. "मी याचा मास्तर. इंद्रभान, मी रागवायला नाही आलो. रागवायची ताकदच नाही माझ्यात. फक्त सांग, माझ्याकडे का नाही आलास?"

"आलतो, सर."

"कधी?"

"दिवाळीआधी. संध्याकाळी. तुमच्या दारात लय पोरं होते. माह्यी पाळी आली तवा तुमी डोळे मिटून बसले होते." पोरगा खाली बघत होता. "लय थकले होते तुमी. म्हनून नाही बोललो."

सरांनी मान खाली घातली.

मग सगळं बाहेर आलं. इंग्रजीतून शिकवतात त्यातलं पहिल्या दिवसापासून काही कळत नव्हतं. वर्ग हसला त्या दिवशी तो जिनाच्या बाजूला भटकत आला. इथं काम हातानं करायचं होतं, 'वाच' कोणी म्हणत नव्हतं. घरी जावं तर माय गावभर सांगत फिरते, माहा पोरगा कॉलेजात हाये. आणि डबा तर थांबवता येत नव्हता.

"अन् मायबाप नाही असं सांगितलंस?"

"माय हाये म्हनलं असतं, त मावशीनं इचारलं असतं ना, मंग मायेजवळ काऊन जात नाहीस? म्हनून सांगतलं, मेली. नाव-गावही दुसरंच सांगतलं. अन् डबा गावातल्या एका घरून धरमाचा येते."

फुंकणी जनकाबाईच्या हातातून पडली.

"याची माय जिती हाये?"

"जिती आहे," सर म्हणाले. "वसतिगृहाच्या ओट्यावर बसलीय. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार."

"बाप्पा!" तिनं कपाळावर हात मारला. "अन् मी रोज तिच्याच डब्यात गूळ घालून तिले धाडून राह्यली! परक्यासारखा! काय म्हनली असंन वं ती माय?"

"तिला वाटलं, पोरगा पाठवतो," सर हळू म्हणाले. "कालचा खडा तिनं पदराला बांधून ठेवलाय."

इंद्रभाननं ते ऐकलं मात्र, बोचकं सुटलं त्याच्या हातून. इतका वेळ कोरडा असलेला तो पोरगा गुडघ्यांत तोंड घालून रडला. जनकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, डोक्यावर पदर घेतला, फडताळातून काहीतरी काढून पदराला बांधलं.

"चाल बे. मायेले वाट पाह्याले लावते का? मीही येते."

वसतिगृहाच्या ओट्यावर सत्यभामाबाई तशीच बसली होती, डबा मांडीवर. पोराला बघून उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"वाळला रे. अन् हे केसात काय? चपला कोठी?"

उकंडराव आतून धावत चपला घेऊन आला आणि इंद्रभानच्या पायांपुढे ठेवल्या. इंद्रभाननं जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग पाय घातले.

"अन् ह्या बाई कोन?" सत्यभामाबाईनं विचारलं.

इंद्रभानचा चेहरा पांढरा पडला. महादेवराव दारात आले होते, तेही थबकले.

जनकाबाई पुढं झाली. "मी जिनात काम करते, बाई. तुमचं पोरगं येत जाते माह्याकडं. रोज एकच सांगते, मावशी, माह्या मायेले गोड आवडते, डब्यात घालाले एक खडा दे. मी म्हने, काय माय-वेडं पोट्टं हाये!"

सत्यभामाबाई लाजल्यासारखी हसली. पदर सोडून खडा काढला, अर्धा मोडून जनकाबाईच्या हातावर ठेवला, अर्धा आपल्या तोंडात टाकला. जनकाबाईनं आपलाच गूळ डोळे मिटून खाल्ला, जसा काल्याचा प्रसाद खावा.

त्या माउलीनं आपल्या हातचं पुण्य पोराच्या नावावर करून टाकलं. खोटं बोलली का? बोलली. देव काय ते बघून घेईल.

गाडीची वेळ झाली. सर इंद्रभानला म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी या ओट्यावर बसायचं. महादेवराव धडा मराठीतून समजावतील."

"समजावीन," महादेवराव म्हणाले. "आणि हसणार नाही."

"आणि मी डोळे मिटून बसलो असलो, तर हलवून जागं करायचं. कळलं?"

"हो, सर."

सत्यभामाबाईनं कालचा डबा मागितला. सरांनी तो इंद्रभानच्या हातात दिला. रिकामाच होता; त्यातला गूळ कोणी खाल्ला ते तुम्हाला माहीत आहे. इंद्रभान डबा धरून नुसता उभा राहिला. तेव्हा जनकाबाईनं पदराची गाठ सोडून हळूच त्याच्या मुठीत खडा सरकवला. त्यानं तो स्वतःच्या हातानं डब्यात ठेवला, झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली आणि आईला दिला.

त्या दिवसापासून जनकाबाईचं बोलणं खरं झालं. इंद्रभान शिकला, पुढं देऊळगाव राजाला मास्तर झाला. वसतिगृहात असेतो त्याच्या हातचा डबा कधी रिकामा गेला नाही. भगवंतराव सर त्या संध्याकाळी खुर्चीत बसले तेव्हा इतका लांब विठ्ठल म्हणाले, की मारुतीच्या देवळात टाळ लागले तरी तो संपला नव्हता.

झालं माझं आख्यान. तुम्हाला एकच मागतो. शेजाऱ्याची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर घालाल, चार दाणे घालाल, तेव्हा क्षणभर थांबा, आणि जिनाच्या रांगेतल्या शेवटच्या दारातल्या जनकाबाईची आठवण करा.